तुकड्या पाडण्याआधी तीन ओळी वाचायला द्या

प्रोग्रॅमिंग शिकवताना, शाळेत ते आधी केलेल्यांची वेगळी तुकडी करावी, असं एका लेखात सुचवलंय. पण नुसतं 'आधी केलंय का?' विचारून तुकड्या पाडू नका. दोन वर्षं कोड उतरवून काढलेला विद्यार्थीही 'हो' म्हणतो. त्यापेक्षा पहिल्याच तासाला कागदावर तीन ओळी द्या: अ = ५, मग ब = अ, मग अ = ७. शेवटी ब किती? उत्तर ५. ७ लिहिणारे बहुधा गणितातलं समीकरण वाचत असतात; त्यांच्या लेखी '=' म्हणजे कायमची बरोबरी. उजवीकडची किंमत काढून ती डावीकडच्या नावाला द्यायची, हे त्यांना फळ्यावर चौकटी काढून ओळीओळीनं दाखवावंच लागतं. नाहीतर लूपमधलं (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागातलं) 'क = क + १' त्यांना चूकच वाटणार, आणि गणिताच्या हिशेबानं ते चूक आहेही!

दुसरा खड्डा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या इनपुटचा, म्हणजे टाइप केलेलं वाचून घेणाऱ्या आज्ञेचा. ५ आणि ३ टाइप केले की बेरीज ८ ऐवजी ५३ येते, कारण इनपुट नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर देतं, आणि '+' तो एकापुढे एक जोडतो. इंट ही आज्ञा लावून त्याची संख्या करून घ्यावी लागते. एरर येत नाही, म्हणून नवख्याच्या लक्षातच येत नाही. रन करण्याआधी अपेक्षित उत्तर वहीत लिहायला लावा, मग लगेच सापडतं.

एका कंप्युटरवर दोघांच्या जोड्या लावताना तरबेज आणि अगदी नवखा एकत्र नको. कीबोर्ड एकाकडेच राहतो. साधारण सारख्या तयारीचे दोघे घ्या, दर १०-१५ मिनिटांनी अदलाबदल करा.