जपानची 'ताऱ्यांची वाळू': तारामाशाची पिल्लं नव्हेत आणि जीवाश्मही नव्हेत

जपानमधल्या ओकिनावा प्रांतातल्या ताकेतोमी आणि इरिओमोते बेटांवरच्या ताऱ्याच्या आकाराच्या कणांच्या वाळूचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सोबतचा दावा असा: ही तारामाशाची वाळलेली पिल्लं आहेत, लाखो वर्षांपूर्वीची आहेत, जगात फक्त तिथेच मिळतात आणि घरी आणून खाऱ्या पाण्यात ठेवली की पुन्हा वाढतात. चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

तारामाशाची पिल्लं? तारामाशाची अळी पारदर्शक असते, पाण्यात तरंगते आणि ताऱ्यासारखी दिसत नाही. मोठ्या तारामाशाचा सांगाडा चुन्याच्या असंख्य सुट्या तुकड्यांचा असतो. मांस कुजलं की ते विखुरतात. फोटोतला कण मात्र एकसंध कवच आहे. तो फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आत कप्पे दिसतात. टोकं मोजा: ती पाचच असतात असं नाही, चार किंवा सहाही असतात. हे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव) गटातले जीव, बहुतेक बाक्युलोजिप्सिना किंवा कॅल्कारिना या प्रजातींचे. कवच साधारण 1 ते 2 मिलिमीटर, आणि त्यात राहणारा जीव फक्त एका पेशीचा!

'फक्त तिथेच' हेही खरं नाही. तुवालू, मार्शल बेटं, ऑस्ट्रेलियातली ग्रेट बॅरियर रीफ इथेही हे जीव सापडतात. कोकणच्या खाड्यांमध्ये तारे शोधू नका. तिथे पाणी गढूळ आणि पावसाळ्यात गोडं होतं. या ताऱ्यांच्या पेशीत डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) राहतात, त्यांना उथळ, स्वच्छ पाण्यातला उजेड लागतो. आपल्या चिखलात अमोनियाची (वायूची नव्हे, याच गटातल्या एका प्रजातीची) बारीक, गोगलगायीसारखी वळलेली कवचं मिळतात.

लाखो वर्षांचा घोळ कुठून आला ते कळतं. फोरॅमिनिफेरा हा गट 50 कोटी वर्षांहून जुना आहे, आणि गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीतले न्युम्युलाइट्स याच गटातले खरे जीवाश्म आहेत. पण ओकिनावाचा हा जीव साधारण वर्ष-दीड वर्ष जगतो. अलैंगिक प्रजननात आईचा सगळा जीवद्रव (पेशीतला जिवंत द्रव) पिल्लांत वाटला जातो, मागे रिकामं कवच उरतं. लाटा ते किनाऱ्यावर आणतात.

म्हणून शेवटचा दावा मुळातच कोसळतो. किनाऱ्यावरचा पांढरा तारा हे रिकामं घर आहे. पाण्यात ठेवून त्यात जीव येणार नाही. जिवंत तारे ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या सपाट खडकावर, शेवाळाच्या गादीला छद्मपादांनी (पेशीतून निघणाऱ्या बारीक धाग्यांनी) चिकटलेले असतात आणि डायटममुळे तपकिरी-पिवळे दिसतात. जिवंत कोणते आणि मेलेले कोणते हे ओळखायला अभ्यासक नमुना 95 टक्के इथेनॉलमध्ये लिटरला किमान 2 ग्रॅम रोझ बेंगॉल हा रंग घालून निदान 14 दिवस ठेवतात; गोळा करताना जिवंत असलेल्यांतला जीवद्रव गुलाबी होतो. मात्र नुकत्याच मेलेल्यांतला न कुजलेला जीवद्रवही रंगतो, त्यामुळे फिकट डाग मोजू नयेत. व्हिनेगरचा थेंब टाकून पाहू नका: फेस येईल, पण तो शिंपल्याच्या तुकड्यालाही येतो, आणि नमुना विरघळतो तो वेगळाच.

बाटलीत भरून आणलेली वाळू कपाटात पडून राहते, आणि तिथला किनारा तेवढा कमी होतो. मार्शल बेटांतल्या माजुरोच्या वाळूत मोठा वाटा याच कवचांचा आहे, आणि दाट वस्तीजवळच्या खडकांवर जिवंत फोरॅमिनिफेरा फार कमी झालेले आढळले आहेत. तिथे नवी वाळू बनवणारेच घटत आहेत.