‘लक्ष असले की पुरे’ : एका फिरत्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एकच लांबलचक संदेश मला चार निरनिराळ्या लोकांनी पाठवला आणि चौघांनीही वर ‘नक्की वाचा’ असे लिहिले होते. त्याचा मथितार्थ असा, की सुरक्षेची साधने हा विकणाऱ्यांनी मांडलेला बाजार आहे, खरे साधन म्हणजे माणसाचे स्वतःचे लक्ष, आणि ज्याचे लक्ष ठिकाणावर आहे त्याला घरी, कामावर वा रस्त्यावर काहीही होत नाही. या सूत्रावर सात दावे केलेले आहेत. शेवटी ‘मी तीस वर्षे असाच वागत आलो, अंगावर ओरखडाही नाही’ अशी लेखकाची ग्वाही आहे.

यंत्रांच्या देखभालीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे लक्षाचे महत्त्व मला कोणी पटवून द्यायला नको. परंतु लक्ष असणे म्हणजे डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ओळखणे आणि मग हातापायांनी हालचाल करणे, आणि या साऱ्याला वेळ लागतो. रस्त्यावर अचानक काही आडवे आले, तर धडधाकट आणि जागरूक माणसाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक ते दीड सेकंद निघून जातो. म्हणून प्रत्येक दाव्याला दोन प्रश्न विचारून पाहू : तो धोका माणसाला जाणवतो का, आणि जाणवल्यावर काही करण्याइतका वेळ उरतो का.

पहिला दावा सीटबेल्टचा आहे. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्टा माणसाला अडकवून मारतो, कमी वेगात तो लागतच नाही आणि मागच्या आसनावर तर त्याचे कामच नाही, असे संदेश म्हणतो. आग आणि बुडणे ही कारणे एकूण अपघातांत एक टक्काही भरत नाहीत. ती घडलीच, तर बाहेर पडण्याची पहिली अट शुद्धीवर असणे ही आहे, आणि धडकेत डोके आपटलेल्या माणसाला पट्टा नसला तरी दार उघडता येत नाही. आता कमी वेगाचे पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तेवढाच वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडणाऱ्या माणसाला जमिनीशी पोचताना येतो. ‘हात टेकवून सावरीन’ म्हणणाऱ्याने हिशेब करावा : ६० किलोचा देह सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचा, तर हातांवर साडेआठशे किलोच्या आसपास वजनाइतका दाब येतो. मागे बसलेला बिनपट्ट्याचा माणूस याच वेगाने पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे त्याच्या बेफिकिरीची शिक्षा पट्टा लावून बसलेल्याला होते. राहता राहिला ‘बाजार’. आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली प्रत्यक्षात आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर सर्व उत्पादकांना खुले करून दिले. बाजार मांडायचाच होता, तर ही रीत विचित्र म्हणायला हवी.

हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही आणि मान मोडते, हा दुसरा दावा. अमेरिकी मानकानुसार हेल्मेटने मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १०५ अंशांपर्यंतचे दिसू द्यावे लागते, म्हणजे खांद्याच्या रेषेच्याही थोडे मागे. कानांचे म्हणाल, तर वेगात वाऱ्याचा घोंघाट इतका असतो, की हॉर्न त्यातच बुडतो, आणि हेल्मेट तो घोंघाट हॉर्नबरोबरच कमी करते. मानेच्या इजा त्यामुळे वाढतात, असे बहुतेक तपासण्यांत आढळलेले नाही. उलट उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रन समीक्षेने, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष काढला. एका बाबतीत मात्र संदेशकर्त्याशी मी सहमत आहे. हनुवटीखालचा पट्टा न लावता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट खरोखरच निरुपयोगी आहे, कारण पहिल्याच हिसक्याला ते एकीकडे आणि डोके दुसरीकडे जाते. आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जाऊन आघात झेलतो आणि चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, त्यामुळे एका जोराच्या आपटीनंतर बाहेरून नवे दिसणारे हेल्मेटही बाद समजावे.

फोनविषयीच्या तिसऱ्या दाव्यावर फार शब्द खर्च करायचे कारण नाही. हात मोकळे असले की बोलायला हरकत नाही, हे खोटे आहे, कारण संभाषण हात नव्हे तर लक्ष व्यापते, आणि संदेशाची सगळी भिस्त तर लक्षावरच आहे. १९९७ साली कॅनडात झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट दिसला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने त्यात काही सुधारणा झाल्याचे दिसले नाही. शेजारी बसलेला माणूस समोरची गर्दी पाहून आपोआप गप्प होतो. फोनच्या पलीकडच्याला ती दिसत नसते.

चौथा दावा माझ्या कामाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. कसलेल्या कारागिराला ग्राइंडरचा गार्ड (फिरत्या चकतीवरचे संरक्षक झाकण) आणि डोळ्यांवरचा चष्मा म्हणजे अडथळाच, असे त्यात म्हटले आहे. हातातल्या छोट्या ग्राइंडरची १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. गणित केले तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर भरतो. चकती फुटली तर तुकडा याच वेगाने निघतो आणि अर्ध्या मीटरवरच्या डोळ्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. पापणी मिटायला त्याच्या कमीत कमी दहापट वेळ जातो.

आमच्याकडे एक मिस्त्री होते. हात इतका सरळ, की त्यांनी कापलेल्या कडेला कानस फिरवावी लागत नसे. गार्ड काढून काम करायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून ठेवायचा, ही त्यांची सवय आम्हा सगळ्यांना माहीत होती, आणि सांगायला गेले की तेही ‘आजवर काही झालं का?’ असेच विचारत. एका दुपारी चकतीचा तुकडा उडाला. सकाळी ग्राइंडर बाकावरून खाली पडला होता, तेव्हा चकतीला केसाएवढी चीर गेली असावी. चीर आहे का हे कळावे म्हणून चकती कोणी वाजवून पाहिली नव्हती. तुकडा त्यांच्या कानाजवळून गेला. त्यांचे पूर्ण लक्ष कामावर होते आणि त्यांनी डोळेही मिटले, पण मिटले ते तुकडा मागच्या लाकडी फळीत रुतून बसल्यानंतर. यंत्र बंद करून त्यांनी पकडीने तो तुकडा ओढून काढला, थोडा वेळ बोटांत फिरवून पाहिला, खिशात टाकला आणि काही न बोलता चष्मा डोळ्यांवर ओढला. त्या दुपारपर्यंत त्यांची ग्वाहीही संदेशातल्या ग्वाहीइतकीच खरी होती. ज्यांच्या बाबतीत तुकडा दोन बोटे अलीकडून गेला, त्यांची ग्वाही मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

पाचवा दावा सर्वांत घातक आहे. बंद टाकीत, विहिरीत किंवा गटारात उतरण्यापूर्वी पेटती मेणबत्ती सोडून पाहावी, ती विझली नाही तर हवा चांगली असे समजावे, आणि आत कोणी पडलाच तर श्वास रोखून चटकन त्याला ओढून काढावे, असा हा सल्ला आहे. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेली हवा कामासाठी असुरक्षित मानतात. मेणबत्ती मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते, म्हणजे माणसाचे भान मंदावू लागले तरी ज्योत खुशाल तेवत असते. गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तर दहा लाख भागांत काही शेकडा भाग असला तरी जीव घेतो, आणि एवढ्याशा प्रमाणाने ज्योतीला काही फरक पडत नाही. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो हे खरे. पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की तो नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते की हवा सुधारली. शिवाय गाळात मिथेन साठलेला असेल, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतो, तर परीक्षेसाठी सोडलेली मेणबत्ती हीच काडी ठरते.

श्वास रोखून ओढून काढण्याबद्दल तर हात जोडून सांगावेसे वाटते. बेशुद्ध देह उचलायला जोर लागतो आणि जोर लावला की श्वास घ्यावाच लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला उतरलेले होते. पहिला पडतो, त्याच्यासाठी दुसरा उतरतो, दोघांसाठी तिसरा. या तिसऱ्याचे लक्ष ठिकाणावर नव्हते, असे कोणाला म्हणता येईल? योग्य रीत अशी, की वायुमापक आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासावी, पंख्याने ताजी हवा खेळती ठेवावी, उतरणाऱ्याच्या अंगावर दोर जोडलेला पट्टा असावा, आणि तो दोर धरणाऱ्याने कोणत्याही परिस्थितीत स्वतः आत न उतरता माणसाला बाहेरूनच वर ओढावे.

सहावा दावा नाकाच्याच भरवशावरचा आहे : गॅस गळला तर वास येतोच, मग वेगळी यंत्रणा कशाला? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत नैसर्गिक वायू गळून स्फोट झाला, जवळपास ३०० जण दगावले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि त्यानंतरच तेथे वायूला वास देणे सक्तीचे झाले. म्हणजे ज्या वासावर संदेशकर्ता विसंबतो, तोही सुरक्षेचेच साधन आहे. पण सर्दी झालेल्याला, झोपलेल्याला आणि म्हाताऱ्या माणसाला तो कळेलच असे नाही, आणि हळूहळू गळणाऱ्या वासाला तर नाक सरावून जाते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो, म्हणून उभ्या माणसाला वास उशिरा येतो. आल्यावर दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि विजेचे कोणतेही बटण लावू नये की बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. बंद खोलीत कोळसा पेटवल्याने किंवा जनरेटर चालवल्याने तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. त्याच्याशी नाकाचा संबंधच येत नाही. तिथे तो वायू ओळखणारा भिंतीवरचा गजर तेवढा उपयोगी.

उरली एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारी विजेची कळ. घरात ती बसवली की शॉक लागून माणूस मरत नाही, हा सातवा दावा अनेक सुशिक्षित घरांत मी ऐकला आहे. एमसीबी तारांचे रक्षण करते. तारा तापून आग लागू नये, म्हणून ती आहे. ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाचा हात फेजच्या तारेला लागला, आणि हातापासून पायापर्यंत त्याच्या शरीराचा रोध १,००० ते २,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे ०.१ ते ०.२ अँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे, आणि स्नायू आखडल्यामुळे तार सोडताही येत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र कोणी एखादा लहानसा दिवा लावला, इतकेच कळते.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत वीज तोडते. तिलाही मर्यादा आहे : एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तिला फरक दिसत नाही, त्यामुळे मुख्य स्विच बंद केल्याशिवाय उघड्या तारेला हात लावायचा नाही, हा नियम कायम राहतो. तिच्यावर एक छोटे बटण असते, बहुतेक त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले असते, आणि बहुतेक घरांत बसवल्यापासून त्याला कोणाचे बोट लागलेले नसते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबताक्षणी तिच्यावरची सगळी वीज जायला हवी. गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलावून ती बदलून घ्यावी.