टू ट्वेंटीचा भक्त व्हायचंय? मग ऐका

सगळ्यात आधी एक क्लिअर करून घ्या. बजाजची पल्सर टू ट्वेंटी 'घेतली' म्हणायचं नसतं, ती 'आली' म्हणायचं. घेतात ती स्प्लेंडर, दुधाचे कॅन अडकवायला. टू ट्वेंटी येते तेव्हा आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, चाकाखाली लिंबू जातं, अख्ख्या आळीत कंदी पेढे वाटले जातात आणि त्याआधी शोरूममध्ये हातभर लांब पुठ्ठ्याची चावी देऊन तुमचा फोटो काढलेला असतो. हा फोटो पुढची पाच वर्षं डीपी. मध्ये लग्न झालं तरी बदलायचा नाही, लग्नाचा फोटो एक दिवस स्टेटसला ठेवला तरी भागतं.

आता अभ्यास. नुसतं प्रेम असून उपयोग नाही, हिस्ट्री पाठ पाहिजे, नाहीतर आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना कुणीतरी उगवतो आणि चार प्रश्नांत तुमची हवा काढून जातो. तर २००७ साली टू ट्वेंटी आली ती फ्युएल इंजेक्शन (म्हणजे सेन्सरवर पेट्रोल मोजून इंजिनात सोडणारी सिस्टीम) घेऊन, मागे पण डिस्क, इंजिनाला ऑईल कूलर, तेव्हा आपण (म्हणजे आपल्या आधीच्या पिढीतले भक्त) काय म्हणालो, की बघा, इंजेक्शन! कार्बोरेटर, ते पेट्रोल-हवा मिसळायचं जुनं यंत्र, म्हाताऱ्यांनी वापरावं. मग २००९ ला कंपनीनं तेच इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला, पॉवर विसाची एकवीस पीएस झाली, किंमत उतरली आणि जाहिरातीत 'फास्टेस्ट इंडियन' आलं. लगेच आपण फिरलो. कार्बोरेटरच खरा ओ, इंजेक्शनचं काय, एक सेन्सर गेला की बसा बोंबलत, हा कुठला पण फिटर रस्त्याकडेला स्क्रू ड्रायव्हरवर उघडतो. हे आपण अकरा वर्षं म्हणालो. मग २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचा नवा नियम आला, परत इंजेक्शन, आणि पॉवर जरा कमी होऊन २०.४. आता काय म्हणायचं?

'आम्ही पहिल्यापासनं म्हणत होतो.'

बास. एवढंच म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा. हे वाक्य ज्याला न हसता म्हणता येतं तो पक्का झाला, बाकीच्यांनी अजून सहा महिने कॅन अडकवावेत.

ॲव्हरेजचं टेन्शन घेऊ नका. कोरेगावचे मामा विचारणारच, किती देती रं? उत्तर एकच, 'देते की'. आकडा बोलायचा नाही. पेट्रोल पंपावर शंभराचं टाकताना पण आकाशाकडं बघायचं.

टॉप स्पीडचं मात्र उलटं आहे, तिथं आकडा पाहिजेच, आणि तो पुणे-सातारा हायवेच्या खंबाटकी घाटातला पाहिजे. आता खंबाटकीची अडचण अशी की पुण्याहून येताना घाट चढायचा असतो आणि पुढं कंटेनर एकमेकांना ओव्हरटेक करत असतात, दोघांचं स्पीड पंधरा. आणि पुण्याला जाताना बोगदा, त्याच्यापुढचं ते एस वळण, तिथं काय काय झालंय ते सगळ्या जिल्ह्याला माहितीये, त्यावर विनोद करत नाही. म्हणजे एकशे चाळीस नेमकी कुठं मारली हा प्रश्न उरतो. तो विचारायचा नसतो. समोरच्यानं सांगितली की आपण पण आपली सांगायची आणि विषय हार्ड करून सोडायचा. उतार होता, मागनं वारा होता, मागं कोण बसलेलं नव्हतं, असले डिटेल मामांना सुद्धा द्यायचे नाहीत.

आरशांचा विषय काढणारे पण भेटतील. टू ट्वेंटीचे आरसे हँडलला नसतात, पुढच्या वायझरला असतात, त्यामुळं त्यात मागची ट्रॅफिक कमी आणि स्वतःची कोपरं जास्त दिसतात. म्हणायचं, मागं राहिलेल्यांना बघायचंच कशाला.

दुसऱ्या गाड्यांविषयी वागायची पण एक पद्धत आहे. यामाहाच्या आर वन फाईव्हवाला भेटला तर मोठ्या भावासारखं हसायचं आणि 'दीडशेचीच ना?' विचारायचं. तो लिक्विड कूलिंग सांगेल, सहा गिअर सांगेल. आपल्याला पाच. सांगायचं, सहावा आम्हाला लागलाच नाही कधी. केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीचा ड्यूकवाला जास्त डोक्यात जातो, कारण त्याची गाडी खरंच पळते. त्याच्याशी बोलताना ऑस्ट्रिया हा शब्द आला की लगेच चाकण म्हणायचं, ती पण बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात बनते. एकदा सावत्र भाऊ ठरवला की तो पुढं गेला तरी घरातलाच गेला.

आता सगळ्यात अवघड प्रसंग सांगतो, त्यात भले भले फुटले. २०२१ च्या ऑक्टोबरात बजाजचीच पल्सर एफ टू फिफ्टी आली. सीसी जास्त, पॉवर साडेचोवीस, एलईडी लाईट. आणि २०२२ ला आपली टू ट्वेंटी बंद. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात जे चाललं होतं ते घरातलं माणूस गेल्यावर पण चालत नाही. काळ्या बॅकग्राउंडवर गाडी, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', शोकाकुल म्हणून बावीस जणांची नावं. एका पोरानं दहाव्या दिवशी गाडी धुवून तिला हार घातला. मी स्वतः गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तिथं कुणीतरी टू फिफ्टीचं नाव काढलं तर सगळे गप्प झाले, मग एकजण म्हणाला, तिच्यात 'ते' नाही. ते म्हणजे काय? म्हणाला, ते. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. तुम्ही पण हलवायची, अर्थ विचारलात तर तुम्ही बाहेरचे.

आणि मग २०२३ ला कंपनीनं टू ट्वेंटी परत आणली. तेच तोंड, तोच प्रोजेक्टर लाईट, तेच वायझरवरचे आरसे. हार घालणारा पोरगा म्हणाला, मी तवाच म्हणलं हुतं, कावळा शिवला न्हाय. दुसरी एखादी गाडी सोळा वर्षं त्याच तोंडानं विकली असती तर आपणच म्हणालो असतो की डिझाईनवाले झोपलेत. इथं म्हणायचं, क्लासिक.

नंबर प्लेटचं सुख मात्र गेलं. ४१४१ चं दादा करायचे दिवस होते, आता एचएसआरपी, म्हणजे सरकारी एकाच नमुन्याची प्लेट आली. स्टिकरला अजून कुणी हात लावला नाहीये, तोवर टाकीवर 'नाद करायचा नाय' आणि मागं 'आईचा आशीर्वाद' लावून घ्या. आवाज काढणारा सायलेन्सर लावणार असाल तर पोलिस ते गोळा करून रोडरोलरखाली घालतात, त्या व्हिडिओत आपला ओळखायला यावा म्हणून त्याला पण स्टिकर.

आता माझी. २०१४ ची आहे, काळी, कार्बोरेटरवाली. तिला मी पुढं दोन एलईडीच्या पट्ट्या, खाली निळा लाईट आणि ट्रकला शोभेल असला हॉर्न असं सगळं एकाच बॅटरीवर बसवून घेतलंय, मेकॅनिक नको म्हणत होता तरी. एका रविवारी सकाळी यवतेश्वर घाटातनं कासला जायचं ठरलं, खाली पोरं थांबलेली, मी हेल्मेट घालून स्टार्टर दाबला तर नुसतं टक. परत टक. आणि या गाडीला किक नाही. जन्मापासनंच नाही. (कुणी विचारलं तर सांगायचं, स्पोर्ट बाईकला किक शोभत नाही.) पण सातारकराला देवानं अजिंक्यतारा दिलाय आणि त्याच्या पायथ्याला सगळ्या गावाला उतार दिलाय, त्यामुळं सेकंडला टाकून, क्लच दाबून मंगळवार तळ्याच्या बाजूला सोडली, मागनं शेजारचा पोरगा पळतोय, क्लच सोडला की गाडी गचका खाऊन थांबतीये, परत ढकलायची. तिसऱ्या वेळी तो पोरगा पण थांबला आणि कमरेवर हात ठेवून बघायला लागला.

वर पायरीवर आमचे अण्णा पेपर घेऊन बसलेले. जिन्याखाली त्यांची प्रिया आहे, ताडपत्री घालून, ती आपल्या साताऱ्याच्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली, गेली कित्येक वर्षं जागची हललेली नाही आणि भंगारवाला गल्लीत आला की अण्णा दारात जाऊन उभे राहतात.

"काय रं, बंद पडली?"

"बंद न्हाय ओ अण्णा, बॅटरी उतरलीय."

त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग जिन्याखाली बघितलं.

"आमच्या प्रियाला किक हुती."

ती लागायच्या आधी स्कूटर आडवी वाकवून, दोन मिनिटं तशीच धरून, मग वीस किका मारायला लागायच्या, ते काय बोलले नाहीत.