जुन्या घराचा रंग फरशीवरून ठरवावा

पुण्यातील आमचे घर १९५६ साली आजोबांनी बांधले. गेल्या दिवाळीआधी त्याच्या आतील रंगकाम पूर्ण झाले, आणि त्या काळात मिळालेले सल्ले ऐकून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

सल्ल्यांचा सूर एकच होता. मोझॅकच्या जुन्या फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, सागवानी दारांना पांढरा ड्युको, म्हणजे फवारून द्यायचा चकचकीत रंग, मारा, गजांच्या खिडक्या काढून स्लायडिंग लावा, म्हणजे घर उजळेल. घर अंधारे दिसत होते हे खरे, पण त्याचे कारण फरशी किंवा दारे नव्हती. वर्षानुवर्षे हातावर हात देत चढवलेला मळकट क्रीम डिस्टेंपर हे त्याचे कारण होते. भिंतीचा रंग चुकला तर पुढच्या वर्षी बदलता येतो, परंतु सत्तर वर्षांची फरशी एकदा झाकली किंवा फोडली की ती गेलीच. म्हणून नवेपणाची सगळी हौस रंगावर भागवावी आणि लाकूड, फरशी, पितळ यांची केवळ डागडुजी करावी, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही रंगांचे कार्ड बाजूला ठेवले आणि हॉलची फरशी ओल्या फडक्याने पुसून गुडघे टेकून पाहिली. उभ्याने करड्या दिसणाऱ्या त्या लादीत पिवळसर, काळी, किरमिजी आणि मधूनच शेवाळी हिरवी खडी होती, आणि भिंतीलगत किरमिजी पट्टा होता. हॉलच्या एका भिंतीचा शेवाळी, जेवणाच्या खोलीतला फिकट पिवळा आणि माजघरातला गेरूकडे झुकणारा रंग तिथूनच आला. प्रत्येक रंगाचा दोन फुटी नमुना भिंतीवर लावून तो आठवडाभर सकाळच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यात पाहिला. पहिला निवडलेला हिरवा रात्री राखाडी पडला, म्हणून आम्ही त्याहून पिवळसर छटा घेतली.

आधुनिक घर म्हणजे पांढऱ्या भिंती, हा समज हे घर बांधले त्या काळालाही धरून नाही. चंडीगडचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९३१ साली ४३ रंगछटांचा संग्रह तयार केला आणि १९५९ साली आणखी २० छटांचा; या दुसऱ्या संग्रहाच्या वेळी चंडीगडचे काम चालूच होते. आमच्याकडेही कपाट हलवल्यावर डिस्टेंपरच्या पापुद्र्याखाली चुन्यातला निळसर हिरवा रंग निघाला, तेव्हा रंग या घराला नवा नाही, याची खात्री पटली.

काही गोष्टी मात्र आवर्जून सांभाळाव्यात. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेली संगमरवरी खडी. बाथरूमचे ॲसिड सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खाते, म्हणून डाग काढायला ते कधीही वापरू नये. मशीनने दगड फिरवून पॉलिश केले की तीच फरशी पुन्हा झळकते. चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंटचा जाड थर दिला की आतली ओल कोंडते आणि पोपडे धरतात, त्यामुळे पावसाच्या बाजूच्या भिंतींना आम्ही चुन्याचाच रंग दिला. दारांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा खरवडणे तर धोक्याचेच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. पृष्ठभाग ओला ठेवूनच घासावा आणि मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये.

स्वयंपाकघराच्या दारावरचे तीन थर असेच ओल्याने उतरवले, तेव्हा खाली सागाच्या रेषा दिसल्या आणि रंगात बुजलेल्या चार पितळी बिजागऱ्या हाती लागल्या. त्यांतली एक मोडलेली होती. तिच्या मापाची जोडीदार शोधायला मी जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. चिंच आणि मिठाने घासल्यावर त्या चारही बिजागऱ्या आता त्या पिवळ्या भिंतीशेजारी एकसारख्या दिसतात, आणि दार कुरकुर न करता लागते.