एकच १५० सेमीचा ऑक्टा घ्या म्हणे, आणि चादरीचा फोटो कशावर काढायचा?

सध्या सोलापुरातल्या फोटोग्राफर मंडळींत एक मेसेज लय फिरतोय. ‘स्टुडिओ टाकताय तर एकच १५० सेमीचा ऑक्टा घ्या. जेवढा मोठा तेवढा लाइट सॉफ्ट, ग्रिड लावली की अजून सॉफ्ट. छत्री नवशिक्यांची, साधा रिफ्लेक्टर कपाटात टाका, आणि घ्याल तर फ्लॅशच्याच कंपनीचा घ्या.’ ऑक्टा म्हणजे आठकोनी सॉफ्टबॉक्स, फ्लॅशवर लावायचा, पुढं पांढरा पडदा असलेला कापडी डबा. पोरं हे वाचून थेट ऑर्डर टाकायलेत, म्हणून लिहितोय.

मोठा म्हणजे सॉफ्ट (सावलीची कड मऊ) हे अर्धंच खरं, कारण समोरच्या माणसाला तो केवढा दिसतो त्यावर सगळं ठरतं. ९० सेमीचा तीन फुटांवर लावा नाहीतर १८० चा सहा फुटांवर, सावलीची कड जवळपास सारखीच. आणि आपले स्टुडिओ केवढे ओ, दहा बाय बाराची खोली, त्यात दीड मीटरचा ऑक्टा उभा केला की फोटोग्राफरनं दारातून फोटो काढायचा का?

ग्रिडनं, म्हणजे पुढं लावायच्या जाळीनं, लाइट सॉफ्ट होत नाही, बाजूला सांडायचा थांबतो, वर थोडा कमीही होतो. बास.

आता साधा सात इंची रिफ्लेक्टर, म्हणजे फ्लॅशवर बसणारी धातूची वाटी. इथं निम्मं प्रॉडक्टचं काम चादरी-टॉवेलचं, आणि समोरून मोठा सॉफ्ट लाइट मारला की जॅकार्डची, म्हणजे विणतानाच उमटवलेली, उठावदार नक्षी सपाट होते, चादर छापील वाटायला लागते. विणकाम दिसायचं तर कडक लाइट बाजूनं, कमी उंचीवरून, कापडाला जवळपास घासून जाईल असा पाहिजे. पण जवळ ठेवू नका. सहा फुटांच्या चादरीला कडेपासून तीन फुटांवर लाइट ठेवला तर लांबच्या टोकाला नवव्या हिश्श्याएवढाच पोचतो, म्हणजे तीन स्टॉपच्या वर फरक (एक स्टॉप म्हणजे लाइट दुप्पट किंवा निम्मा), तोच बारा फुटांवर नेला की फरक स्टॉपभराच्या जरासा वर, तेवढा पलीकडून थर्माकोलची शीट लावून भरून निघतो. खोलीत जागा नसेल तर रात्री गच्ची आहेच की.

फ्लॅशचा लाइट पसरवणाऱ्या छत्रीला नावं ठेवणाऱ्यांनी पंधरा जणांचा फॅमिली ग्रुप ऑक्टावर काढून दाखवावा, मागच्या रांगेपर्यंत एकसारखा. छत्रीचा खरा त्रास वेगळाच, लाइट चौफेर उडतो, त्यामुळं भिंत पोपटी असली की चेहरेही पोपटी. भिंतीला पांढरा रंग मारा, ऑक्टापेक्षा स्वस्त पडतो.

कंपनीचं म्हणाल तर फ्लॅश बनवणारी बोवेन्स २०१७ मध्येच बंद पडली, तिचा एस माउंट (सॉफ्टबॉक्स वगैरे फ्लॅशला अडकवायची जोडणी) मात्र आजही कितीतरी दुसऱ्या कंपन्यांच्या लाइटवर येतो. तुमच्या फ्लॅशचा माउंट कुठला ते बघा आणि त्यात बसणारा, आतून पांढरा, दोन पडद्यांचा ९० सेमीचा सॉफ्टबॉक्स घ्या, उरलेल्या पैशात एक चांगला जड स्टँड.