काकू म्हणाल्या, यात माया नाही

आमचा कट्टा म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर एका चहाच्या दुकानाबाहेरची गुडघ्याएवढी भिंत. शनिवारी पोरांना मराठी शाळेत सोडायचं आणि शाळा सुटेपर्यंत दीड तास इथे बसून ऑफिस, ग्रीन कार्ड आणि जे आले नाहीत ते, या सगळ्यांवर तोंडसुख घ्यायचं. त्या दिवशी २०२५ चा ११ ऑक्टोबर होता. दिवाळी आठवड्यावर आलेली, हॅलोविन, म्हणजे पोरं सोंगं घेऊन घरोघरी चॉकलेटं मागतात तो सण, वीस दिवसांवर. दुकानाच्या काउंटरवर चकल्यांची पाकिटं आणि पलीकडच्या घराच्या पायऱ्यांवर भोपळे.

मंदारने गाडीच्या डिकीतून एक पाकीट आणलं आणि भिंतीवर आपटलं. "बोला. किती पडले असतील?"

पोराच्या हॅलोविनच्या पोशाखाचं, हँगरला लटकवायचं प्लास्टिकचं पाकीट. वरच्या चित्रात कमरेवर हात ठेवलेला, छाती फुगवलेला मुलगा, पायात गुडघ्यापर्यंत लालभडक बूट, मागे वीज चमकतेय. कुठला सुपरहिरो ते लिहीत नाही, त्याचा काही दोष नाही.

स्मिता म्हणाली पंचवीस. शेखर म्हणाला तीस. मी चाळीस म्हटलं, कारण मी मंदारला पंधरा वर्षं ओळखते. निघाले पंचेचाळीस डॉलर.

"बूट चांगले दिसतायत," स्मिता म्हणाली.

"बूट नाहीयेत त्यात. कापडाच्या नळ्या आहेत. आपल्याच बुटांवर चढवायच्या. खाली इलॅस्टिक आहे."

"आणि छाती?"

"छाती आहे. स्पंजची."

स्मिताकडे शिवणयंत्र आहे आणि ते आहे हे ती विसरू देत नाही. "बारा डॉलरमध्ये शिवून दिलं असतं मी," ती म्हणाली. यावर मात्र मी गप्प बसले नाही. गेल्या वर्षी तिने लेकासाठी ड्रॅगन शिवला तेव्हा रोज रात्री फोन करून रडगाणं कोणी ऐकलं होतं? तीन रात्री गेल्या. दोन रंगांचं फ्लीस, चेन, शेपटीत भरायला पॉलिएस्टरचा कापूस, पाठीवरच्या काट्यांसाठी फेल्ट, सगळं मिळून अडतीस डॉलर. शिवाय तेव्हा जोॲन हे कापडाचं दुकान चालू होतं, चाळीस टक्क्यांची कुपनं मिळायची. २०२५ मध्ये त्यांची सगळी दुकानंच बंद झाली. आता कापड हातात घेऊन, चुरगाळून बघायचं म्हटलं तर जायचं कुठे, हाच प्रश्न आहे.

"पण तो ड्रॅगन अजून घालतो तो," स्मिता म्हणाली. हे खरं आहे. तो ड्रॅगन मी जुलैमध्ये भाजीच्या दुकानात पाहिलाय.

मंदारने लगेच फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. त्याचं गणित असं: शाळेतली परेड एक, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून पोरांना चॉकलेटं वाटतात तो कार्यक्रम दोन, आणि ३१ तारखेची संध्याकाळ तीन. पंचेचाळीस भागिले तीन, पंधरा डॉलर एका वेळचे. "सिनेमाचं तिकीट तेवढंच पडतं," तो म्हणाला. "त्यात काय टिकाऊपणा बघायचा? तीनदा घालायचं, संपलं."

"तीनदा टिकलं तर," मी म्हटलं.

कारण माझा अनुभव ताजा आहे. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. सकाळी लेकीला उटणं लावलं आणि संध्याकाळी चेटकीण केली. चेटकिणीचा झगा एका मोठ्या दुकानातला, अठ्ठावीस डॉलरचा, काळं चकचकीत सॅटिन. त्या दिवशी इथे ऐन ऑक्टोबरअखेर उन्हाळ्यासारखं उकडत होतं. पॉलिएस्टरच्या त्या पिशवीत पोरगी घामाने निथळली. मानेवरचं वेल्क्रो केसांत अडकलं. तिसऱ्या घराच्या पायरीवर तिने झग्यावर पाय दिला, तर खालची कड सरसर उसवत गुडघ्यापर्यंत आली. मी ती सेफ्टी पिनांनी वर टाचली. बाराव्या घरापर्यंत माझ्या पर्समधल्या पिना संपल्या. त्याच्या आदल्या वर्षी उलटी तऱ्हा: गारठा इतका की फुलपाखराच्या पंखांवरून जाड जॅकेट चढवावं लागलं. घरोघरी लोक विचारत होते, तू कोण झालीयेस? ती चिडून सांगायची, फुलपाखरू. दिसत होतं अस्वल.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. पोशाख घेताना अंगावर लावून बघायचाच, पण जॅकेटवर. एक साइझ मोठा. जो जॅकेटवर चढत नाही तो न्यू जर्सीत कुचकामी, कितीही छान असो.

इतका वेळ काकू गप्प होत्या. काकू म्हणजे मंदारच्या आई, सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून आलेल्या. त्यांनी तिथे वीस-बावीस वर्षं घरी बसून ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल-बीडिंग केलं. त्यांनी चहाचा कप भिंतीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "उघड ते. उलटं कर."

"आई, टॅग काढला तर परत घेत नाहीत."

"टॅग राहू दे. कपडा उलटा कर."

मंदारने उलटा केला. कापड बाहेरून चकचकीत होतं, आतून पांढरट, टोचरं. काकूंनी बगलेची शिवण दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणली. टाक्यांमधून पलीकडचा उजेड दिसला. मग बाहीचं टोक बघितलं. तिथे दुमडच नव्हती, कापड नुसतं कापून सोडलेलं, दोन दोरे लोंबत होते. पाठीला गळ्यापासून खाली वेल्क्रोचे तीन तुकडे. आणि संपूर्ण पाठ सपाट निळी. स्नायू, पट्टे, चिन्ह, सगळी छपाई फक्त पुढच्या बाजूला.

"यात माया नाही," काकू म्हणाल्या.

मंदारला वाटलं, आई हळवी झाली. "अगं, दुकानातल्या कपड्यात माया कुठून..."

"अरे शिवणीतली माया! पाव इंचसुद्धा सोडलेली नाही. उसवलं तर परत शिवायला धरणार काय? पोरगं वाढलं तर सैल करणार कशातून? आणि हे पाठीला चित्र का नाही?"

"पाठ कोण बघतंय, आई?"

"तो दार वाजवणार, खाऊ घेणार आणि वळणार. मग दारातल्या माणसाला पाठच दिसणार ना?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मी आठ वर्षं दारात बसून चॉकलेटं वाटतेय, मला हे कधी सुचलं नाही.

आणि इथे शेखर पेटला. शेखर नेवार्कला एका कस्टम्स ब्रोकरकडे काम करतो. बंदरात उतरलेल्या मालाला कोणता कोड लावायचा आणि किती ड्यूटी भरायची, हे बघणं त्याचं काम. एरवी तो ऑफिसचं बोलायला लागला की आम्ही विषय बदलतो. त्या दिवशी नाही बदलला.

"काकू, तुम्ही आत्ता जे केलंत ना, तेच अमेरिकेचं कस्टम्स करतं," तो म्हणाला. "कपडा उलटा करतात आणि बघतात, कड दुमडलीय का, शिवण कशी आहे, चेन आहे की वेल्क्रो, वरची सजावट शिवलीय की नुसती चिकटवलीय."

"कशाला?"

"तकलादू असेल तर तो सणाचा माल. नीट शिवलेला असेल तर तो कपडा. कपड्याला ड्यूटी लागते, सणाच्या मालाला मूळ दर शून्य."

मंदार हसला. त्याला वाटलं शेखर पुड्या सोडतोय. पण यावर खरोखरच खटला झालाय. रूबीज ही न्यू यॉर्कची पोशाख बनवणारी जुनी कंपनी. बाहेरून येणारे तकलादू पोशाखसुद्धा कपडेच धरा आणि त्यांना ड्यूटी लावा, असं तिचं म्हणणं होतं, कारण ती स्वतः इथे माल बनवत होती आणि बाहेरचा माल ड्यूटीशिवाय येऊन तिच्यासमोर स्वस्तात विकला जात होता. खालच्या कोर्टात ती जिंकली. २००३ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: असले पोशाख तकलादू असतात, टिकायला केलेलेच नसतात, नेहमीचे कपडे म्हणून ते कोणी घालत नाही, तेव्हा तो सणाचाच माल.

"म्हणजे वाईट शिवलं की सूट?" स्मिता म्हणाली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"मूळ नियम तसा. यंदा चीनच्या मालावर जे शुल्क वर-खाली होतंय ते वेगळं. ते या सगळ्याच्या डोक्यावर बसतं."

"मग कारखानदार कड कशाला दुमडेल?" काकू म्हणाल्या.

आता माझं मत. हे ऐकून सगळ्यांनी "बघा, लुबाडतात" असा सूर लावला, तो मला पटला नाही. तकलादू माल तकलादू किमतीला मिळाला तर माझी तक्रार नाही. बावीस डॉलरला घ्यावा, एक संध्याकाळ निभवावी. प्रश्न हा की तशाच शिवणीचा पोशाख पंचेचाळीसला कसा? वरचे तेवीस कुठे गेले? मी मंदारला विचारलं, तिथे दुसरा स्वस्त नव्हता?

होता. बाजूच्याच खुंटीवर. तोच निळा, तीच स्पंजची छाती, मंदारच्या मते कापडसुद्धा तेच. फक्त छातीवर भलतंच चिन्ह आणि पाकिटावर "शूर वीर मुलगा" अशा धर्तीचं मोघम नाव, म्हणजे कोणी कोर्टात खेचायला नको. बावीस डॉलर. "मी तोच घेत होतो," मंदार म्हणाला. "पोरगा म्हणाला, बाबा, हा तो नाहीये. आणि खाली बसला. दुकानात. फरशीवर."

म्हणजे तेवीस डॉलर चिन्हाचे. ते चिन्ह ज्याच्या मालकीचं आहे त्याचा वाटा, आणि मग प्रत्येकाने आपापला चढवलेला नफा. स्मिता म्हणाली हा शुद्ध मूर्खपणा. मला तसं वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी चिन्ह हीच क्वालिटी आहे. शिवण आपण बघतो. तो आरशात बघतो, आणि आरशात माया दिसत नाही. ज्याचे पैसे द्यायला माझा जीव कासावीस होतो ते पाकिटावरचं चित्र. ते बूट, ती वीज, तो फुगलेला झगा ज्याच्या आतला परकर वेगळा घ्यावा लागतो. म्हणून मी चित्र बघतच नाही. पाकीट पालथं करते. मागे बारीक अक्षरात आत काय काय आहे ते लिहिलेलं असतं. त्यात "बूट" हा शब्द नसेल तर बूट नाहीत, चित्रात दिसोत की न दिसोत.

"आणि विग, मुखवटा वेगळा घेऊ नकोस," शेखरचं चालूच होतं. "इथे कपड्यांना सेल्स टॅक्स नाही, पोशाखही कपड्यातच धरतात. पण मुखवटा सुटा घेतलास की ६.६२५ टक्के. विगलाही."

"थांब," मी म्हटलं. "बंदरात तो कपडा नाही म्हणून ड्यूटी नाही. आणि दुकानात तो कपडा आहे म्हणून टॅक्स नाही?"

शेखर दोन सेकंद थांबला. "हो," तो म्हणाला. "असंच आहे."

काकूंचं लक्ष या हिशेबात नव्हतं. त्या ते कापड दोन बोटांत चोळत होत्या. "हे पेटलं तर?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दिवाळी असणार. इथे भोपळ्यांत आता बहुतेक ठिकाणी बॅटरीचे दिवे असतात, पण सगळीकडे नाही. शेखरने सांगितलं, १९५३ चा कायदा आहे, झटकन भडकणारं कापड विकता येत नाही, पण पोशाखाला चाचणी साध्या कपड्याचीच. मुलांच्या झोपायच्या कपड्यांचे नियम त्याहून कडक.

"झोपताना कोण दिवे घेऊन फिरतं?" काकू म्हणाल्या.

शेखरने त्याचंही कारण सांगायला तोंड उघडलं, पण स्मिताने त्याच्या हातात रिकामे कप दिले आणि टाकून यायला सांगितलं.

मंदार पोशाख परत पाकिटात कोंबायला लागला. पाकिटातून काढलेला पोशाख पुन्हा त्या पाकिटात जात नाही, हा तर अनुभवाचाच भाग. स्पंजची छाती बाहेर राहिली. "परतच करतो," तो वैतागून म्हणाला. "बावीसवाला आणतो. पोराला सांगतो, चिन्हं संपली."

"काही परत करू नकोस," काकू म्हणाल्या. त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि स्मिताकडे वळल्या. "तुझं मशीन चालू आहे ना गं? निळा दोरा असेल?"

"आहे काकू. बॉबिनही भरलेली आहे."

"मग दुपारी येते. बगलेला दोन टिपा मारू, बाह्या दुमडून घेऊ, वेल्क्रो काढून चेन लावू. पाठीला काहीतरी लावायला पिवळं कापड बघ. तुझ्या त्या ड्रॅगनचं उरलंय का?"

शेखर कप टाकून परत आला होता. "काकू, जपून," तो म्हणाला. "तुम्ही शिवलंत की ड्यूटी लागेल त्याला."

"लागू दे," काकू म्हणाल्या आणि छाती घडी घालून पिशवीत टाकली. "मंदार भरेल."