‘डबल इन्फिनिटी’ ऐकण्याआधी फोनची सेटिंग बघा

बिग थीफ या अमेरिकन बँडचा ‘डबल इन्फिनिटी’ (सप्टेंबर २०२५) पहिल्या फेरीत बसला नाही, तर अल्बमला नावं ठेवण्याआधी तुमचा फोन तपासा. या अल्बममध्ये गाण्यांइतकीच ती गाणी जिथे वाजली ती खोली ऐकायची आहे, आणि चुकीच्या सेटिंगवर नेमकी तीच हरवते.

बेस वाजवणारा मॅक्स ओलिआर्चिक २०२४ मध्ये बाहेर पडला. उरले तिघं: गायिका एड्रियन लेंकर, बक मीक, जेम्स क्रिव्हचेनिया. त्यांनी न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत बाहेरचे बरेच वादक-गायक गोळा केले आणि तीन आठवडे सगळ्यांनी एकत्र वाजवलं. ओव्हरडब, म्हणजे मागाहून वेगळं वाजवून जोडलेले तुकडे, अगदी मोजके.

यात गोम अशी की प्रत्येकापुढे वेगळा माइक असला तरी गायिकेच्या माइकात ड्रमही शिरतो. याला ब्लीड म्हणतात. आवाजाला मीटरभर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ३ मीटरवरचा ड्रम तिच्या माइकात ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक मिसळले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ वाजतो. म्हणून जुना ठोकताळा: माइक वाद्यापासून २० सेंमीवर असेल तर शेजारचा माइक त्या माइकापासून किमान ६० सेंमी लांब. एवढं सांभाळूनही कुणी बेसूर झालं तर तेवढाच सूर पुसता येत नाही, कारण तो ड्रमच्या माइकातही जाऊन बसलेला असतो. टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) ठेवायचा तर अख्खा, टाकायचा तर अख्खा. आपल्याकडच्या जुन्या सिनेसंगीतात हेच चालायचं. एक व्हायोलिन चुकलं की सगळा ताफा पुन्हा पहिल्यापासून.

‘ग्रँडमदर’मध्ये लाराजी आहेत, ब्रिटिश संगीतकार-निर्माता ब्रायन इनोने १९८० साली ज्यांचा अल्बम केला तेच. त्यांचं वाद्य झिदर, म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या भाऊबंदांतलं. त्यांचा शब्दांवाचूनचा आवाज लेंकरच्या मागून येतो तेव्हा दोघांतलं अंतर कळायला हवं. कळत नसेल तर सेटिंग चुकलंय.

स्पॉटिफायवर व्हॉल्यूम लेव्हल ‘लाउड’ असेल तर ‘नॉर्मल’ करा. ‘लाउड’मध्ये पातळी -१४ वरून -११ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) चढते आणि ठोक्यांची टोकं लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणारी यंत्रणा, चेपतो. क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) शून्य. बेस बूस्ट बंद, नाहीतर ‘नो फिअर’मधला तो गोल गोल फिरणारा बेस सात मिनिटं नुसता घुमत राहील. शफल बंद हे सांगायला नको. एकट्या ब्लूटूथ स्पीकरवर डावं-उजवं बहुतेकदा एकात कालवलं जातं. त्यापेक्षा साधे वायरचे इअरफोन कधीही बरे.

नऊच गाणी आहेत, चाळीस मिनिटांहून थोडी जास्त. त्यातलं ‘हॅपी विथ यू’ मात्र मला ताणलेलं वाटतं, तेच ते मोजके शब्द घोळवत राहतं. तरी वगळू नका. शेवटचं ‘हाउ कुड आय हॅव नोन’ त्या घोळातून बाहेर पडल्यावरच मोकळं वाटतं.